व्यसनातून बाहेर आलेला माणूसच इतरांना आधार देतो. मग तो घसरला की त्याचीच नोकरी का जाते?

व्यसनमुक्ती केंद्रांत रुग्णाचा हात धरणारा ‘पीअर वर्कर’ कोण असतो? त्याच्या कामाचा खरंच उपयोग होतो का? आणि सरकारी नियमावलीतली एक अट त्याच्यावर अन्याय करणारी का आहे?

‘तुम्हाला काय कळणार माझी अवस्था?’ हा प्रश्न व्यसनमुक्ती केंद्रात काम करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला आणि समुपदेशकाला कधी ना कधी ऐकावा लागतो. त्यांच्याकडे शिक्षण असतं, औषधं असतात, पण या प्रश्नाला उत्तर नसतं. चार वर्षांपूर्वी अशाच एखाद्या वॉर्डात थरथरत पडलेला आणि आज तिथेच कामाला असलेला माणूस मात्र उत्तर देऊ शकतो. तो फक्त म्हणतो, ‘मी याच खाटेवर होतो.’

या माणसाच्या कामाला जगभर ‘पीअर सपोर्ट’ म्हणतात. दरवर्षी २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन आणि १० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिन येतो. तेव्हा आमच्या डिजिटल डेस्कवर ठरलेल्या बातम्या होतात, सुविचारांचे फोटो फिरतात. त्यात या माणसाचा उल्लेख क्वचितच असतो. असला तरी ‘व्यसनावर मात करून समाजसेवा’ अशा मथळ्याखाली. तो नोकरी करतो आहे, त्याला ड्युटीचे तास आहेत, घरभाडं आहे, हे त्या मथळ्यात बसत नाही.

पीअर वर्कर नेमकं करतो काय?

उपचारांचा अवघड भाग केंद्रातून घरी गेल्यावर सुरू होतो. केंद्रात दारू मिळत नाही, मोबाइल नसतो, दिवस आखलेला असतो. घरी परतल्यावर मात्र कोपऱ्यावरचं वाइन शॉप जिथल्या तिथे असतं. पगाराची तारीख येते, चुलत भावाची हळद येते, गटारी येते, विसर्जनाची मिरवणूक येते, थर्टी फर्स्ट येतो. बायको दार उघडताना आधी तोंडाचा वास घेते. तिचंही चुकत नाही, कारण याआधी दहा वेळा तिने विश्वास ठेवलेला असतो.

अशा वेळी ‘इच्छाशक्ती ठेवा’ या सल्ल्याचा उपयोग शून्य. पीअर वर्कर सांगतो ते वेगळं असतं. हळदीला जायचंच असेल तर दुपारी जा, जेवून सहाच्या आत निघ. पगार थेट बायकोच्या खात्यात जाऊ दे. जुन्या ग्रुपवर ‘बसायचं का’ असा मेसेज आला तर उत्तर देण्याआधी मला फोन कर. घरचे संशय घेतात म्हणून चिडू नकोस, माझ्या घरी तो संशय जायला दोन वर्षं लागली. ही माहिती पुस्तकात सापडणं कठीण, ती भोगूनच मिळते.

मानसिक आजारात या कामाचं रूप थोडं बदलतं. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार असलेल्याला गोळ्यांनी झोप येते, वजन वाढतं, जीभ जड होते. मग तो गोळी जिभेखाली ठेवतो आणि नंतर थुंकतो. घरच्यांना कळतं तेव्हा आजार पुन्हा उसळलेला असतो. ‘मीही याच गोळ्या घेतो, मलाही झोप यायची, मी डॉक्टरांना सांगून वेळ बदलून घेतली’ असं सांगणारा कुणी भेटला, तर तीच गोळी घेणं थोडं सोपं होतं. कामावर सांगायचं की नाही, लग्न ठरवताना किती सांगायचं, हे प्रश्नही डॉक्टरच्या दहा मिनिटांत मावत नाहीत.

हे आलं कुठून?

मे १९३५. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन शहर. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस कामासाठी तिथे आला होता आणि काम फसलं होतं. दारू सोडून त्याला काहीच महिने झाले होते. हॉटेलच्या लॉबीतून बारचा आवाज येत होता. त्याने बारमध्ये जाण्याऐवजी फोन फिरवायला सुरुवात केली. त्याला शहरातला दुसरा एखादा दारुडा हवा होता, बोलायला. त्यातून त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी पडली. डॉ. बॉब यांनी शेवटचा घोट घेतला तो दिवस, १० जून १९३५, ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ म्हणजे एएचा स्थापना दिवस मानला जातो.

या गोष्टीत एक तपशील महत्त्वाचा आहे. विल्सनने फोन केला तो डॉ. बॉब यांना वाचवायला नव्हे, स्वतः पिऊ नये म्हणून. मदत करणाऱ्यालाही मदतीचा फायदा होतो, हे तत्त्व फ्रँक रीसमन या अमेरिकन अभ्यासकाने १९६५ मध्ये शास्त्रीय भाषेत मांडलं. एएच्या खोल्यांत लोक ते तीस वर्षं आधीपासून जगत होते.

आपल्याकडचं ठळक उदाहरण पुण्याचं. ब्राउन शुगरने, म्हणजे ‘गर्द’ने, ऐंशीच्या दशकात शहरातली तरुण मुलं गिळायला सुरुवात केली, तेव्हा डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लिहिलं. मग त्यांनी आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी मिळून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पु. ल. देशपांडे यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. तिथेच उपचार घेऊन बरे झालेले लोक पुढे तिथेच कामाला लागले, समुपदेशक झाले, गावोगावच्या पाठपुरावा बैठका चालवू लागले. महाराष्ट्रात व्यसनमुक्ती म्हटलं की आज जे चित्र डोळ्यांसमोर येतं, ते बऱ्याच अंशी या माणसांनी घडवलं आहे.

मानसिक आजारांच्या बाजूला प्रा. जगन्नाथ वाणी यांनी सुरू केलेली पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांची ठाण्याची आयपीएच या संस्थांनी स्वमदत गटांची वाट रुळवली. ‘रुग्ण’ऐवजी ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्या नातेवाइकासाठी ‘शुभंकर’ हे शब्द मराठीत याच वर्तुळात रुजले. माझ्या पिढीला ते जरा जुन्या वळणाचे वाटतील. पण ‘पेशंट’ आणि ‘केअरगिव्हर’पेक्षा त्यांत आदर जास्त आहे, हे मान्य करावं लागतं.

उपयोग होतो का? आकडे काय सांगतात?

भावुक गोष्टींवर धोरण ठरू नये. माझं शिक्षण इंजिनिअरिंगचं, त्यामुळे आधी चाचणीचा निकाल बघायची सवय आहे.

कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये एएवर झालेल्या २७ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यांत १० हजारांहून अधिक लोक होते. एएशी जोडून देणाऱ्या उपचारांत वर्षभरानंतर पूर्णपणे दारूमुक्त राहिलेले सुमारे ४२ टक्के निघाले. इतर उपचारांत हे प्रमाण सुमारे ३५ टक्के होतं. ब्रिटनमध्ये मानसिक आरोग्याच्या संकटातून बाहेर पडलेल्या ४४१ लोकांवर चाचणी झाली. तिचा निकाल २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. पीअर वर्करची साथ मिळालेल्यांपैकी २९ टक्क्यांना वर्षभरात पुन्हा तातडीच्या सेवेत दाखल व्हावं लागलं, साथ न मिळालेल्यांपैकी ३८ टक्क्यांना. गोव्यात ‘संगत’ या संस्थेच्या प्रयोगात गावातल्याच आयांना प्रशिक्षण देऊन गरोदर आणि बाळंत बायकांच्या नैराश्यावर काम केलं गेलं. तिथेही फायदा दिसला, पण माफक.

म्हणजे चमत्कार नाही. शंभरातले सात, शंभरातले नऊ असा फरक आहे. आपल्याकडे मात्र या फरकाची किंमत मोठी आहे. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार सुमारे ५.७ कोटी लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठले तरी उपचार मिळतात. भरती होऊन उपचार मिळतात ते १८० पैकी एकाला. लाख लोकांमागे एकही पूर्ण मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या देशात हे अंतर फक्त डॉक्टर भरून काढतील, हे गणित बसत नाही.

अडचण एका अटीत आहे

केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणाऱ्या व्यसनमुक्ती केंद्रांसाठी, ज्यांना सरकारी भाषेत ‘इरका’ म्हणतात, कर्मचाऱ्यांची यादी ठरवून दिलेली आहे. डॉक्टर, नर्स, समुपदेशक, वॉर्डबॉय आणि त्यांच्याबरोबर ‘पीअर एज्युकेटर’. सरकारने हे पद मान्य केलं ही चांगलीच गोष्ट. पात्रताही योग्य आहे. माणूस स्वतः व्यसनातून बाहेर आलेला हवा, एक-दोन वर्षं व्यसनमुक्त हवा, प्रशिक्षण घ्यायला तयार हवा.

पुढची अट वाचून मी थांबलो. त्याने व्यसनमुक्त राहण्याच्या आचारसंहितेवर सही करायची, आणि पुन्हा व्यसन केलं तर सेवा समाप्त.

पहिल्या नजरेत ही अट रास्त वाटते. प्यायलेला माणूस इतरांची दारू कशी सोडवणार? रुग्णांच्या सुरक्षेसाठी त्याला त्या क्षणी कामापासून दूर ठेवायलाच हवं, याबद्दल वाद नाही. पण दूर ठेवणं वेगळं आणि काढून टाकणं वेगळं.

हीच केंद्रं रुग्णाच्या कुटुंबाला पहिल्या दिवशी सांगतात की व्यसन हा आजार आहे, तो पुन्हा उलटू शकतो, उलटला म्हणजे सगळं संपलं असं नाही. अमेरिकेची ‘नायडा’ ही राष्ट्रीय संशोधन संस्था सांगते की, उपचारांनंतर ४० ते ६० टक्के लोक पुन्हा घसरतात आणि हे प्रमाण रक्तदाब, दम्यासारख्या दीर्घ आजारांच्या जवळपास आहे. दम्याचा झटका आला म्हणून कुणा नर्सची नोकरी जात नाही. मधुमेह असलेल्या डॉक्टरची साखर वाढली तर तो रजा घेतो. पीअर वर्करला मात्र ज्या आजारामुळे नोकरी मिळाली, तो आजार उलटताच घरी पाठवलं जातं. भिंतीवर ‘व्यसन हा आजार आहे’ आणि करारात ‘व्यसन हा गुन्हा आहे’ असा हा प्रकार.

याचा परिणाम काय होतो ते समजायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. घसरण एका क्षणात होत नाही. आधी झोप बिघडते, चिडचिड होते, जुने मित्र आठवायला लागतात, बैठका चुकायला लागतात. त्या टप्प्यावर माणसाने वरिष्ठाला ‘माझं ठीक चाललेलं नाही’ असं सांगितलं, तर पुढचं टळू शकतं. पण सांगितल्यावर नोकरी जाण्याची भीती असेल तर तो बोलणार नाही. एखादा घोट घेतला तरी लपवेल, वेलची चघळून ड्युटीवर येईल. लपवाछपवी हा तर व्यसनाचा जुना सोबती. सुरक्षेसाठी घातलेली अट अशा रीतीने असुरक्षितता वाढवते. यंत्रात बिघाडाचा इशारा देणारा दिवा लागला की मशीन भंगारात काढायचं असा नियम केला, तर कारागीर तो दिवाच काढून ठेवतील.

शिवाय त्याच्या पोटाचा प्रश्न आहेच. या माणसाच्या बायोडेटात आठ-दहा वर्षांची पोकळी असते. जुनी नोकरी गेलेली असते, उधाऱ्या असतात, कधी पोलीस केस असते. व्यसनमुक्ती केंद्रातली नोकरी बऱ्याचदा त्याची पहिली सन्मानाची नोकरी असते. घसरणीच्या दिवशी ती गेली, की उत्पन्न, सोबत आणि दिवसाची शिस्त एकाच वेळी जाते. त्या दिवशी त्याला या तिन्हींची सर्वाधिक गरज असते.

‘सेवा आहे, पैसे कसले?’

दुसरा मुद्दा पैशांचा. अनुदानाच्या कागदांत या लोकांना ‘मानधन’ असतं. स्वमदत गटांच्या परंपरेतून आलेला एक समजही यामागे आहे. एएमध्ये बाराव्या पायरीचं काम, म्हणजे दुसऱ्या व्यसनीपर्यंत पोहोचणं, फुकटच करायचं असतं, आणि ते बरोबरच आहे. पण एएचा जुना सभासद आपल्या नोकरीधंद्यातून वेळ काढून बैठकीला येतो, नंतर घरी जातो. केंद्रातला पीअर वर्कर रात्रपाळी करतो. टर्कीत, म्हणजे नशा तुटल्यावरच्या त्रासात, ओरडणाऱ्या मुलाला सांभाळतो. फाटकाबाहेर रडणाऱ्या आईला चहा देतो आणि पहाटे तीनला आलेला फोन उचलतो. पहिली सेवा आहे, दुसरी नोकरी. दोन्हींना एकाच ‘सेवाभाव’ नावाच्या पिशवीत कोंबलं, की पगाराचा विषय काढणाराच लोभी ठरतो.

रोज दुसऱ्याच्या तोंडून स्वतःचीच जुनी गोष्ट ऐकणं हाही भार असतो. समुपदेशकांसाठी ‘सुपरव्हिजन’ म्हणजे अनुभवी माणसाशी नियमित बोलणं हा व्यवसायाचा भाग मानला जातो. पीअर वर्करला त्याची गरज जास्त आहे. हाताळलेला रुग्ण पुन्हा पिऊन मेला, अशी बातमी त्यालाही येते. त्या दिवशी त्याच्याशी कोण बोलतं?

मानसिक आजारांच्या बाबतीत तर पदच नाही

व्यसनाच्या बाजूला निदान एक पद आहे. मानसिक आरोग्याच्या बाजूला तेही नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये मंजूर झाला, २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यातल्या पुनर्विलोकन मंडळांवर मानसिक आजार अनुभवलेल्या व्यक्तींना, शुभंकरांना किंवा त्यांच्या संस्थांच्या प्रतिनिधींना जागा आहेत. म्हणजे कायद्याने त्यांच्या अनुभवाला मंडळाच्या टेबलावर खुर्ची दिली. पण जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता, नर्स अशी पदं असताना अनुभवी सोबत्याचं पद नाही. मत द्यायला बोलवायचं आणि काम द्यायचं नाही, असं हे झालं.

हे अशक्य आहे असंही नाही. अहमदाबादच्या सरकारी मनोरुग्णालयात पुण्याच्या सेंटर फॉर मेंटल हेल्थ लॉ अँड पॉलिसी या संस्थेच्या साथीने आजार अनुभवलेल्या लोकांना प्रशिक्षण देऊन कामाला घेतलं गेलं आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याने १९९९ मध्येच अशा कामाला सरकारी आरोग्य विम्यातून पैसे द्यायला सुरुवात केली. आपल्या एड्स नियंत्रण कार्यक्रमातही सुईने नशा करणाऱ्यांसाठी पीअर एज्युकेटर अनेक वर्षांपासून आहेत आणि एकाने किती जणांकडे पाहायचं याचं प्रमाणही ठरलेलं आहे. चाळीस जणांमागे एक. तिथे हिशेब जमतो, तर इथे का जमू नये?

पण ‘मी यातून गेलोय’ एवढंच पुरेसं नाही

या बाजूला धोकेही आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. कुणीतरी दारू सोडतो, दोन वर्षांनी बंगला भाड्याने घेऊन ‘केंद्र’ काढतो, आणि ‘मला जसं सुधारलं तसंच तुम्हाला सुधारतो’ म्हणत मारहाण, कोंडणं, उपाशी ठेवणं सुरू होतं. अशा केंद्रांवरच्या छाप्यांच्या बातम्या देशभरातून येत असतात. स्वतःचा अनुभव हाच एकमेव रस्ता आहे असं वाटायला लागणं, हा या कामातला सगळ्यात मोठा सापळा. कुणी एएमुळे सावरतो, कुणी औषधांमुळे, कुणी दोन्हींमुळे. पीअर वर्करने ‘गोळ्या म्हणजे दुसरं व्यसनच’ असं सांगून एखाद्याची औषधं बंद केली, तर जीव जाऊ शकतो.

आणखी एक गोष्ट वाचकांनी नक्की लक्षात ठेवावी. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने घरच्या घरी एकदम दारू तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, वेळेवर उपचार न मिळाल्यास मृत्यूही ओढवू शकतो. तिथे आधी डॉक्टर हवा, सोबती त्याच्या शेजारी.

म्हणून माझं म्हणणं असं की, पीअर वर्करला देवमाणूसही करू नका आणि स्वस्त मजूरही. त्याला ठरावीक प्रशिक्षण द्या, ज्यात काय करायचं याइतकंच काय करायचं नाही हेही असेल. डोस सांगायचा नाही, उसने पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत, एका माणसाची गुपितं दुसऱ्याला उदाहरण म्हणून सांगायची नाहीत. त्याला पगार आणि रजा द्या. जिल्हा कार्यक्रमात त्याचं पद तयार करा. आणि ती अट बदला. घसरण झाली, तर रुग्णांशी संबंध असलेलं काम लगेच थांबवायचं, उपचारांसाठी रजा द्यायची, ठरावीक काळाने तपासणी करून परत घ्यायचं. स्वतःहून सांगणाऱ्याला सवलत, लपवणाऱ्यावर कारवाई. वारंवार तसंच झालं तर पर्यायी काम. ड्युटीवर पिऊन येणं, रुग्णाला नशा पुरवणं याला माफी नकोच. हे फरक लिहिण्यासाठी नियमावलीत एक परिच्छेद पुरेल.

घरच्यांनी केंद्र निवडताना काय विचारावं?

केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, हा पहिला प्रश्न. व्यसनाशी निगडित मानसिक विकारही २०१७च्या कायद्यात येतात, त्यामुळे ही नोंदणी ऐच्छिक नाही. डॉक्टर रोज येतात का, नातेवाइकांना भेटू देतात का, घरी गेल्यावर पाठपुरावा कसा होतो, हेही विचारा. त्यानंतर विचारा की तुमच्याकडे व्यसनातून बाहेर आलेले किती जण काम करतात आणि त्यांच्यापैकी कुणी पुन्हा घसरलं तर तुम्ही काय करता. उत्तर ‘लगेच हाकलतो’ असं आलं, तर तुमचा माणूस डिस्चार्जनंतर घसरला तेव्हा तिथे त्याचं स्वागत कसं होईल, याचा अंदाज घ्या.

मानसिक आरोग्यासाठी ‘टेलिमानस’ची मोफत हेल्पलाइन १४४१६, व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. दोन्ही क्रमांक मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवता येतील.